राखण कुणाच्या पैशाने

परकारकाका नेमके कुणाच्या बाजूचे होते, हे आमच्या कॉलनीत कुणालाच ठरवता आलं नाही. कंपनीला वाटे, ते कॅम्पचे आहेत. कॅम्पला वाटे, ते साहेब लोकांचे आहेत. आमच्या फ्लॅटांतल्या बायकांचं मत दर आठवड्याला बदलत असे. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांची होते. आता नोकरीला लागूनही काही वर्षं झाली, पण माझं मत अजून ठरलेलं नाही. त्यांच्याबद्दल लिहायला बसले ते बहुधा त्यामुळेच.

आखातात, रुवैस गावाच्या अलीकडे, हायवेपासून आत, वाळूत कंपनीने ती कॉलनी बांधली होती. एका बाजूला चार इमारती, त्यात आम्ही फॅमिलीवाले. दुसऱ्या बाजूला लांबलचक बराकी, म्हणजे कॅम्प, त्यात बॅचलर. बॅचलर म्हणजे लग्न न झालेले, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. प्रत्यक्षात त्यातल्या बहुतेकांची बायकामुलं गुहागर, दापोली, मंडणगड इकडे गावी होती. बायकोला इथे आणण्याइतका पगार नसलेला माणूस म्हणजे बॅचलर.

दोन्हींच्या मध्ये जाळीचं कुंपण होतं आणि कुंपणाला लागून परकारकाकांची पत्र्याची पोर्टा केबिन. ते कॅम्प बॉस होते. बराकींतल्या खोल्या, मेस, पाण्याचा टँकर, आजारपणं, मारामाऱ्या, कुणी दगावलं तर मयत गावी पाठवणं, सगळं त्यांच्याकडे. निम्मी पोरं त्यांनीच कोकणातून आणलेली. त्यांच्या केबिनला दोन दारं होती, एक आमच्याकडे उघडणारं, एक कॅम्पकडे. माणूस ज्या दाराने आला त्याच दाराने त्याला परत पाठवायचे. माझा भाऊ एकदा शॉर्टकट म्हणून आरपार निघाला, तर त्याला दंडाला धरून वळवलं. म्हणाले, "केबिन आहे बाबा, रस्ता नाही."

उंच, खांद्यात थोडे वाकलेले, मेंदीने तांबूस झालेली दाढी, शर्ट कायम पँटच्या बाहेर. बाबांशी ते स्वच्छ मराठी बोलत, कॅम्पात त्यांची कोकणी, आमच्या इमारतीतल्या अय्यर अंकलशी हिंदी आणि ऑफिसात तुटकी अरबी. मी त्यांच्या कुठल्याही मराठी प्रश्नाला इंग्रजीत उत्तर द्यायची. ते रागवत नसत. तोच प्रश्न दुसऱ्या दिवशी पुन्हा मराठीत विचारत.

त्यांची खरी सवय वेगळीच होती. समोरचा काहीही बोलो, ते पहिल्यांदा म्हणायचे, "बरोबर आहे तुमचं." मग समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा नीट मांडून दाखवायचे. बोलणाऱ्याला वाटायचं, चला, हा माणूस आपल्यासारखाच विचार करतो. घरी गेल्यावर लक्षात यायचं, की काका काय करणार आहेत ते त्यांनी सांगितलेलंच नाही.

बोंबलांचं प्रकरण तसंच. कॅम्पातले लोक कुंपणाच्या जाळीवर बोंबील वाळत घालायचे. वारा आमच्याकडे वाहायचा. बायकांनी मिळून तक्रार केली आणि आईला बोलायला पुढे केलं. काका आमच्या दारात आले, चपला बाहेर काढल्या, सोफ्याच्या अगदी कडेला बसले. चहा नको म्हणाले, पाणी मागितलं. आईचं सगळं ऐकून म्हणाले, "बरोबर आहे वहिनी तुमचं. वास घरात येतो आणि बोंबील तिकडे राहतात, हा काय न्याय झाला?"

दोन दिवसांनी प्रत्येक फ्लॅटच्या दाराला सुक्या बोंबलांची एकेक पिशवी अडकवलेली होती. कॅम्पकडून भेट. आमच्याकडे मासे चालत, त्यामुळे आईला हसावं की चिडावं कळेना. वरच्या मजल्यावरच्या अय्यर आंटींनी मात्र पिशवी उघडून किंकाळी फोडली. काका लगेच धावत गेले, हात जोडून माफी मागितली, पिशवी परत नेली आणि तिच्या जागी केळी आणून दिली. बोंबील जाळीवर वाळतच राहिले. पण ज्यांनी भेट दिली त्यांच्याविरुद्ध पुन्हा तक्रार कशी करायची, हे कुणालाच सुचलं नाही. अय्यर आंटी आयुष्यभर म्हणत राहिल्या की ते चुकून झालं. आई म्हणायची, चुकून काहीही झालेलं नाही.

मग इराकने कुवेत घेतलं. शाळेत मुलं नकाशावर बोट ठेवून अंतर मोजायची. कुवेतहून निसटलेलं एक कुटुंब दोन बॅगा घेऊन आमच्या इमारतीत नातेवाइकांकडे आलं आणि त्यांच्या गोष्टी ऐकून बायकांची झोप उडाली. खिडक्यांना चिकटपट्ट्या लागल्या. त्यातच आमच्या इमारतीच्या मागून गॅसचे दोन सिलिंडर नाहीसे झाले. ते कुणी नेले हे कधीच कळलं नाही, पण सगळ्यांनी कुंपणापलीकडे पाहिलं. आधी भीती सद्दामची होती. महिनाभरात ती बरीचशी कॅम्पची झाली. कशी, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

फॅमिलीवाल्यांच्या कमिटीने मागणी केली: कुंपणावर वॉचमन हवेत. आता पैसे कोण देणार, यावर आमच्या हॉलमध्ये मीटिंग झाली, कारण बाबा कमिटीचे सेक्रेटरी होते. कंपनीचे ॲडमिन मॅनेजर मिस्टर नबील स्वतः आले. मी डायनिंग टेबलावर गणितं करत बसले होते. मी गप्प असे, त्यामुळे मला कुणी उठवत नसे.

नबीलसाहेबांचं म्हणणं सरळ होतं. बाहेरचं कुंपण, मुख्य गेट आणि युद्धाचा सायरन ही कंपनीची जबाबदारी. त्याच्या आत कोण कुणाला घाबरतं, हा राहणाऱ्यांचा प्रश्न. बाबा म्हणाले, आतली भीती तुम्हीच आणून ठेवली आहे, बराकी आम्ही नाही बांधल्या. यावर नबीलसाहेब म्हणाले, मग बराकींनी पैसे द्यावेत. प्रत्येकाच्या पगारातून महिन्याला वीस दिरहम. बाबांनी सवयीने मोठ्याने म्हटलं, म्हणजे जवळजवळ शंभर रुपये. अय्यर अंकल म्हणाले, रीझनेबल आहे. पाच मिनिटांत सगळ्यांचं एकमत झालं. ज्यांना ते पटलं नसतं ते त्या खोलीत नव्हतेच.

परकारकाका होते, दाराजवळच्या खुर्चीत. ते म्हणाले, "बरोबर आहे तुमचं सगळ्यांचं. मला चार दिवस द्या."

दुसऱ्याच संध्याकाळी ते एकटे आले. या वेळी पाणीही मागितलं नाही.

"साहेब, ही पोरं आणायला मी गेलो तेव्हा एकेकाच्या ओटीवर बसलोय," ते म्हणाले. "आयांना जबान दिलीय. बोललो तो पगार पुरा हातात पडेल, खाणं-राहणं कंपनीचं. आता त्याच्याच पगारातून कापून त्याच्याच डोक्यावर वॉचमन बसवायचा. त्याच्या आईला काय सांगू मी?"

बाबा जरा अवघडले. मग त्यांनी विचारलं, "परकार, एक सांगा. तुम्ही आमच्या बाजूने बोलताय की त्यांच्या?"

"तुमच्याच, साहेब. म्हणून तर आधी इथं आलो."

सुरेश नावाचा गुहागरचा एक तरुण कॅम्पात होता, सळ्या बांधणारा. त्याने नंतर आईला सांगितलं की काका कॅम्पातही त्याच संध्याकाळी गेले होते आणि तिथेही हेच म्हणाले होते: तुमच्याच बाजूचा, म्हणून आधी इथं आलो.

चौथ्या दिवशी त्यांनी आपला तोडगा मांडला. त्यांच्या मोहल्ल्यात आंब्याच्या दिवसांत बागांची राखण असते. घरटी एक माणूस, पाळीपाळीने. ज्या घरात पुरुष नाही त्या घरातून राखणीवाल्यांना चहा येतो. पैसा कुणी कुणाला देत नाही. तसंच इथे करायचं. एक फ्लॅट म्हणजे एक घर. बराकीतली एक खोली म्हणजेही एक घर. रोज एक माणूस इकडचा, एक तिकडचा, दोघांनी कुंपणाजवळ बसायचं. ही बरोबरी त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितली. "आमच्यात ज्याची पाळी लागते ना साहेब, तो गावचा झाला. त्याला मग कोणी उपरा म्हणत नाही."

नबीलसाहेबांनी एवढंच विचारलं, की कंपनीला खर्च किती. काही नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "यल्ला, खलास." म्हणजे चला, विषय संपला. कमिटीतल्या इंजिनियरांना ही कल्पना मुळीच आवडली नव्हती. पण एवढ्या भीतीबद्दल बोलून झाल्यावर आपण बसणार नाही असं म्हणणं त्यांना जड गेलं.

पहिले काही आठवडे ते खरंच बसले. बाबांची पाळी सुरेशबरोबर आली. आईने थर्मास दिला, स्वेटर दिला, जसं काही ते सीमेवर निघाले होते. सकाळी बाबा परत आले ते पत्त्यांचा एक नवा डाव शिकून आणि त्यात सपाटून हरून. बरेच दिवस ते सुरेशची नक्कल करून दाखवत. मला वाटलं, आता सगळं ठीक होणार.

मग अय्यर अंकलची पाठ दुखायला लागली. त्यांनी कॅम्पातल्या एकाला थोडे पैसे देऊन आपल्या जागी बसवलं. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या एका अंकलची शिफ्ट बदलली. त्यांनीही बदली माणूस दिला. महिना-दीड महिन्यात आमच्या बाजूच्या सगळ्या पाळ्या कॅम्पातलेच लोक करू लागले, अर्थात पैसे घेऊन. बाबांनीही शेवटी तेच केलं. आई हसून हसून बेजार झाली. ज्यांची भीती त्यांनाच आपण राखण करायला बसवलंय, म्हणाली, आणि वर पगारही देतोय.

बाबांची खात्री होती की काकांनी हे ठरवून केलं. कॅम्पातल्या पोरांनाही तसंच वाटलं आणि त्यांनी काकांची फार तारीफ केली. पण एक दिवस काका आमच्या दारात आले आणि उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "मोडलं साहेब सगळं. पैसे द्यायचे नव्हते. बसायचं होतं." मी दाराच्या मागेच उभी होते. माणूस नाटक करत असेल तर डोळ्यांत दिसतं, असं आई म्हणायची, म्हणून मी त्यांच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं. मला काहीच समजलं नाही.

युद्ध झालं आणि संपलं. सायरन फक्त चाचणीपुरता वाजला. उन्हाळा लागला तेव्हा नबीलसाहेब पुन्हा आमच्या हॉलमध्ये आले आणि त्यांनी सांगितलं की आता हे असं बिननियमाचं चालणार नाही. एक सिक्युरिटी कंपनी येईल, युनिफॉर्मवाला वॉचमन येईल, आणि त्याचा खर्च घरटी वाटला जाईल. इतके महिने फ्लॅटवाले बदली माणसाला पैसे देतच होते, त्यांना आता तेच कंपनीमार्फत द्यायचे होते, तेही कमी. आणि बराकीतल्या प्रत्येक खोलीने आपला वाटा द्यायचा, माणशी कापून. आकडा फिरून त्याच वीस दिरहमवर आला.

काका म्हणाले, कॅम्पचे लोक भाडेकरूसुद्धा नाहीत, ते कंपनीचे कामगार आहेत.

नबीलसाहेब काकांना इंग्रजीत, अगदी सभ्यपणे म्हणाले, "इब्राहिम, प्रत्येक खोली एक घर, हे तूच आम्हाला शिकवलंस. घर म्हटलं की घराचा खर्च आला."

काकांनी मान हलवली आणि म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." त्या वाक्यानंतर ते नेहमी पुढे बोलत. त्या दिवशी बोलले नाहीत.

त्यांच्या मोहल्ल्यात पाळी लागली की माणूस गावचा होतो, त्याला बोलायचा हक्क येतो. या कंपनीत घर ठरलं की वर्गणी लागते, हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं. किंवा आलं होतं आणि त्यांनी धोका पत्करला होता. बाबा पहिलं म्हणायचे, आई दुसरं.

पगाराच्या आधीच काका प्रत्येक बराकीत स्वतः सांगायला गेले. मी शाळेच्या बसमधून उतरले तेव्हा ते पहिल्या खोलीत शिरत होते, आणि दिवे लागायच्या वेळी मी गॅलरीतून पाहिलं तर दुसऱ्या बराकीच्या टोकाला होते. काही खोल्यांतून आरडाओरडा ऐकू आला. काहींमधून अजिबात आवाज आला नाही. सुरेशने त्यांना विचारलं होतं, "काका, आयशीला मी काय सांगू?" काका पुढच्या खोलीकडे गेले. काका विकले गेले, असं कॅम्पात उघड बोललं जाऊ लागलं. सुरेशही बोलायचा.

आठवड्याभराने काका पुन्हा बाबांकडे आले आणि एकच गोष्ट मागितली. कॅम्पची माणसं पैसे देणार असतील तर कमिटीत त्यांचेही दोन जण बसतील. बाबा गोंधळले. म्हणाले, त्यांचं इथे काय काम? काका म्हणाले, "घरं आहेत ना ती आता." नबीलसाहेबांनी परवानगी दिली, कारण यालाही खर्च नव्हता.

त्या मीटिंगला सुरेश आणि मंडणगडचे एक वयस्कर गृहस्थ आले. इस्त्रीचे शर्ट, तेल लावून बसवलेले केस. आईने चांगले कप काढले. ते दोघे सोफ्यावर बसले, कडेला नाही, नीट टेकून. त्यांना कुणीतरी तसं सांगून पाठवलं असावं. काका मात्र आत आलेच नाहीत. चपला न काढता बाहेर जिन्याच्या कठड्याला टेकून उभे राहिले.

अय्यर अंकलनी वॉचमनच्या ड्यूटीची माहिती इंग्रजीत वाचून दाखवली. बाबांनी तिचा थोडा भाग मराठीत सांगितला. मग काही शंका आहे का, असं रीतीप्रमाणे विचारलं. नसणार असं धरून ते कागद आवरायलाही लागले होते.

सुरेश म्हणाला, "एकच विचारायचं होतं. हा वॉचमन तोंड कुठं करून बसणार?"

बाबांना कळेना.

"म्हणजे खुर्ची कुणीकडे असणार त्याची? आम्ही पण पैसे देतोय ना, म्हणून विचारतो. आमच्याकडे तोंड करून बसला तर आम्ही कशाला द्यायचे?"

अय्यर अंकलनी बाबांना विचारलं, हा काय म्हणतो? बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग इंग्रजीत म्हणाले की त्याला बसण्याच्या व्यवस्थेबद्दल काही विचारायचं आहे. अय्यर अंकल म्हणाले, खुर्ची कंपनी देईल.

पण प्रश्न तिथे मिटला नाही. दोन्ही बाजूंनी त्यावर बरेच दिवस वाद झाला, काका कितीदा इकडून तिकडे गेले. वॉचमन आला तेव्हा त्याची खुर्ची कुंपणाच्या रेषेत ठेवली होती. त्याचा एक खांदा आमच्याकडे, एक कॅम्पकडे आणि तोंड दूर हायवेकडे. तो दिवसभर ट्रक बघायचा. कापून घेतलेले पैसे मात्र कुणालाही परत मिळाले नाहीत. त्या वर्षी नाही, पुढेही नाही. हा विजय होता की पराभव, हे मला कुणी समजावून सांगितलं नाही. विचारायचं धाडसही मला झालं नाही.

काकांचं कॉन्ट्रॅक्ट पुढच्या वर्षी वाढवलं गेलं नाही. का, ते कंपनीने सांगितलं नाही. मी शाळेतून आले तर केबिनला कुलूप होतं. ते शारजाला गेले एवढंच कळलं. नवा कॅम्प बॉस कुणाशीच सहमत नसे. त्याच्याशी वागणं सोपं होतं.

पुढे मी भारतात शिकले आणि नोकरीसाठी शारजाला परत आले. एका शुक्रवारी संध्याकाळी तिथल्या रोल्ला बाजारात एका दुकानातून बाहेर पडत होते. फुटपाथवर सुट्टीच्या दिवशीची गर्दी होती, पुरुषांचीच. तेवढ्यात समोरून परकारकाका आले. दाढी पूर्ण पांढरी, मेंदी सोडून दिलेली, एक डोळा पट्टीने झाकलेला. एका जाडसर माणसाने त्यांचा दंड धरला होता. तो सुरेश होता, हे मला मागाहून ओळखू आलं. तो आता कुठेतरी सुपरवायझर होता आणि काकांना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरकडे दाखवून आणत होता. काका त्याच्याच खोलीत राहत होते.

मी अनोळखी माणसांशी चटकन बोलत नाही, ओळखीच्यांशीही नाही. पण त्या दिवशी मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले. प्रधानांची मुलगी म्हणून सांगितलं. काका माझ्याकडे एका डोळ्याने पाहत राहिले आणि म्हणाले, "मराठी बोलते की आता." बाबांची चौकशी केली, वहिनींची केली. मग बोलायला काही उरलं नाही आणि मी इतकी वर्षं मनात असलेलं विचारून टाकलं. काका, त्या वॉचमनच्या पैशांच्या वेळी तुम्ही जिंकला होतात की हरला होतात?

मला वाटलं, आता म्हणतील, बरोबर आहे तुझं.

"त्या वर्षी गावी गेलो तेव्हा सगळ्यांच्या घरी गेलो," ते म्हणाले. "जबान मोडली म्हणून सांगायला. बहुतेकींनी चहा दिला. ह्याच्या आयशीनं नाही दिला. अजून घरात घेत नाही मला."

सुरेश हसला. अवघडून हसला असावा. म्हणाला, "म्हातारी झाली ती आता, काका. कितीदा सांगितलं तिला, ह्यांनीच मला कमिटीत बसवलं म्हणून. विसरेल हळूहळू."

"विसरू नये तिनं," काका म्हणाले.

ते चिडून बोलले नाहीत. दुःखानेही नाही. मी त्यांच्या उघड्या डोळ्याकडे नीट पाहिलं. सुरेशने शेअर टॅक्सी थांबवली, त्यांना मागच्या सीटवर बसवलं, उन्हाच्या तिरिपीने डोळ्याला त्रास होऊ नये म्हणून त्यांना पलीकडे सरकायला लावलं आणि स्वतः उन्हाच्या बाजूला बसला. काका काहीतरी बोलत होते आणि सुरेश मान हलवत होता. काचेतून मला शब्द ऐकू आले नाहीत.